अर्ध्या नदीचा सारंग

माझे आजोबा कॅप्टन नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आयर्लंडमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत ते 'कॅप्टन आजोबा' म्हणूनच प्रसिद्ध होते आणि ही पदवी त्यांना कुणी दिली हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते वाशिष्ठीच्या खाडीत दाभोळहून गोवळकोटला जाणाऱ्या आगबोटीवर सारंग होते. सुकाणूवर उभं राहून बोट वाळूत न घालता पुढे नेणं, एवढंच त्यांचं काम. समुद्र त्यांनी काठावरून पाहिला होता आणि त्याविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. खाडी मात्र त्यांना पाठ होती. तीसुद्धा अर्धीच. त्या अर्धेपणाची ही हकिगत आहे.

ते आमच्याकडे वॉटरफोर्डला आले तेव्हा हिवाळा सरत होता. सोबत एक बॅग कपड्यांची आणि एक सुकटीची. तीन महिने नातीचं कौतुक करून परत जायचा बेत होता. मग करोनाची साथ आली, विमानं बंद झाली, माझी शाळा बंद झाली, माझी परीक्षा सरकारने रद्द केली (सरकारच्या बाबतीत मला एवढी कृतज्ञता पुन्हा कधी वाटली नाही), आणि सत्तरीपुढच्या सगळ्यांनी घरातच राहायचं असा हुकूम निघाला. या कोंडून घालण्याला सरकारने 'कोकूनिंग' असं गोंडस नाव दिलं होतं. बाबांनी आजोबांना ते समजावून सांगितलं, की रेशमाचा किडा कोशात राहतो ना, तसं. आजोबा म्हणाले, "त्या किड्याला पुडं उकलत्या पान्यात टाकतात, म्हायत हाय ना?" बाबा औषधांच्या कारखान्यात इंजिनियर होते आणि सोपं करून सांगण्याची त्यांना हौस होती. त्या दिवसापासून ती जरा कमी झाली.

आमचं घर चढावर होतं. वरच्या मजल्यावरच्या अरुंद खोलीतून, दोन धुरांड्यांच्या मधून, नदीचा एक तुकडा दिसायचा. ती खोली आजोबांना दिली होती. त्या तुकड्यावरून ते सकाळी उठल्याबरोबर जाहीर करायचे, "भरती लागली," किंवा "चिखल उघडा पडला." आई हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायची. पहाटे डबा भरताना ती पहिल्यांदा हीच बातमी ऐकायची, मग रेडिओची. त्या वर्षी ज्या बातम्या येत होत्या त्यांत भरतीची बातमी तेवढी विश्वासाची होती. आई घरी आली की मागच्या दाराने आत शिरून थेट आंघोळीला जायची, आणि ती बाहेर येईपर्यंत आजोबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून असायचे. ती दिसली की उठायचे.

जेवणाचा प्रश्न ब्लाने सोडवला. ब्ला म्हणजे वॉटरफोर्डचा पाव. पिठाने माखलेला, मऊ, चौकोनी. गावाला त्याचा इतका अभिमान आहे की त्याविषयी चेष्टा करायची सोय नाही. आजोबांनी तो दाबून पाहिला, हुंगला, आणि म्हणाले, "पाव हाय. आंघोल न केलेला." मग कांदा परतून, सुकट घालून, वर कोकमाचं एक आमसूल टाकून त्यांनी तो ब्लाबरोबर खाल्ला, आणि त्या वासाने आमच्या गल्लीत प्रथमच शेजारधर्म जागा झाला. पलीकडच्या घरातल्या नोराने कुंपणावरून विचारलं, तुमच्याकडे काही मेलं आहे का? काळजीनेच विचारलं होतं. मी शरमेने आत पळाले. आजोबांनी एका ब्लात सुकट भरून ती ताटली कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले, कारण नियम तसा होता. नोराने एक घास खाल्ला, डोळे पुसले, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "ग्रँड." आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे मी अजून जिवंत आहे.

मला तेव्हा मराठी कळायचं, पण उत्तर मी इंग्रजीतून द्यायचे, आणि तेही इथल्या हेलात. आजोबांचं इंग्रजी बोटीवरच्या हुकमांपुरतं होतं. त्यामुळे आमचं संभाषण म्हणजे दोन काठांवरून मारलेल्या हाका असायच्या. पण मे महिन्यात म्हाताऱ्यांना फिरायला जायची परवानगी मिळाली, आणि ते रस्ता चुकू नयेत म्हणून सोबत मला दिलं गेलं. रस्ता ते कधीच चुकले नाहीत. नदीकाठच्या धक्क्यावर पोचले, ओहोटीच्या चिखलाचा वास नाकात घेतला, आणि म्हणाले, "हा वास आपलाच." मग जुन्या गोल बुरुजाकडे पाठ करून उभे राहिले आणि पुटपुटले, "बुरूज पाठीला, घड्याल नाकाला, पूल डाव्या कानाला."

मी इंग्रजीत विचारलं, हे काय?

"नदी," ते म्हणाले.

त्यांची नदी अशी होती. नकाशा नव्हता, आकडे नव्हते. मागे काय हवं ते पाठीला, समोर काय धरायचं ते नाकाला, बाजूने काय सोडायचं ते कानाला. मशीद पाठीला, ताडाचं झाड नाकाला. ताड जवळ येऊन मोठा झाला की पांढरा दगड उजव्या कानाला. अशी दाभोळपासूनची खाडी ते रोज सकाळी म्हणायचे, दुसरे लोक स्तोत्र म्हणतात तशी, आणि तितक्याच यांत्रिकपणे. चुकलं तर पहिल्यापासून. "यूअर मॅन पुन्हा सुरू झाला," असं नोरा म्हणायची. इथे कुठल्याही पुरुषाला यूअर मॅन म्हणतात. तो आपला असावा लागत नाही. महिन्याभरात मलाही ते पाठ झालं. शाळेतल्या कविता मी विसरले, पण तो ताड आजही माझ्या नाकासमोर आहे.

खानदानाचा इतिहास त्यांनी मला या फेऱ्यांत तुकड्यातुकड्याने सांगितला. त्यांचे आजोबा होडीतून कौलं आणि भात वाहायचे. पहिली आगबोट खाडीत आली आणि पहिल्याच वळणाला चिखलात बसली, तेव्हा तिच्या गोऱ्या साहेबाने होडीतल्या या माणसाला वर ओढून घेतलं आणि सुकाणूपाशी उभं केलं. आमच्या घराण्याचा उत्कर्ष म्हणजे एवढाच, की दुसऱ्याची बोट अडकली. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा, म्हणजे आजोबांचे वडील, सारंग झाला. त्यांना दोन मुलगे होते, गणू आणि दत्तू. गणू म्हणजे माझे आजोबा. दोघांनाही सुकाणू हवं होतं आणि बोट एकच होती. तेव्हा लोक जमिनीची वाटणी करतात तशी त्या गृहस्थाने नदीची वाटणी केली. खाडीच्या मध्यावर एक बेट आहे, त्याला मधलं जुवं म्हणतात. दाभोळपासून जुव्यापर्यंतची रुंद, वाऱ्याची, वाळूची नदी थोरल्याला. जुव्यापासून गोवळकोटपर्यंतची अरुंद, वळणांची, चिखलाची धाकट्याला. एकाने दुसऱ्याच्या नदीच्या खुणा शिकायच्या नाहीत. बापाचा हिशेब असा होता, की दोघांपैकी कुणालाही दुसऱ्यावाचून घरी पोचता येऊ नये. आयुष्यभर ही मुलं एकत्र राहतील याची त्याने अशी सोय केली. बापांच्या योजनांचं पुढे काय होतं यावर मी इथे भाष्य करत नाही.

जुव्याशी बोट आली की सुकाणूचा हात बदलायचा. त्याची एक रीत होती. देणारा म्हणायचा, "दिली." घेणारा दोन्ही हात सुकाणूवर ठेवून म्हणायचा, "घेतली." हे ऐकू येईपर्यंत देणाऱ्याने हात सोडायचा नाही, मग वर वीज पडो. आणखी एक रीत होती. काठावर उभ्या असलेल्या माणसाला बोटीपुढे पाणी नाही असं दिसलं, तर त्याने हात खांद्यातून ताठ पुढे करायचा, तळवा खाली, आणि तो हलवायचा नाही. हलता हात म्हणजे रामराम. न हलणारा हात म्हणजे थांब. आजोबांनी मला हे घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभं राहून करून दाखवलं, तेव्हा समोरून येणारा एक गार्डा खरंच थांबला. पोलिसाला हात दाखवून थांबवणारे ते त्या वर्षातले एकटेच असावेत.

आणि मग शेवटची फेरी. रस्ते झाले, एसट्या आल्या, वाफेची बोट परवडेना. कंपनीने तिला समारंभाने निरोप द्यायचं ठरवलं. मुंबईचे साहेब आले, तालुक्याचे अधिकारी आले, बँड आला, फोटोवाला आला. कोणीतरी ठरवलं की फोटोत सारंग एकच शोभतो. हारही एकच आणला होता. थोरला म्हणून तो आजोबांच्या गळ्यात पडला आणि अख्खी फेरी तुम्हीच न्या असा हुकूम झाला. दत्तू नव्या शर्टात धक्क्यावर आला होता. तो वळला आणि आडवाटेने पुढे चालत गेला. भाषणं झाली. भाषणं लांबली. भरतीला भाषणं ऐकायची सवय नसते, ती आपल्या वेळेला उलटली. बोट जुव्यापाशी पोचली तेव्हा पाणी उतरत होतं. आजोबांनी सवयीने "दिली" म्हटलं. शेजारी कुणी नव्हतं. मागून बँड वाजत होता आणि साहेब म्हणत होता, चलो, चलो. ते धाकट्याच्या नदीत शिरले, आणि पहिल्याच वळणाला बोट चिखलात बसली. जिथे त्यांच्या आजोबांच्या वेळची पहिली बोट बसली होती, साधारण तिथेच. पुढची भरती येईपर्यंत ती हलली नाही. पाहुण्यांना कोळ्यांनी पाठुंगळीला घेऊन काठावर नेलं. बँडमधला ढोल एकटाच बोटीवर राहिला. "हार?" मी विचारलं. "शेलीनं खाल्ला," आजोबा म्हणाले.

हे सगळं ते हसत सांगायचे. पण शेवटी एक वाक्य यायचं, आणि ते सांगताना हसू नसायचं. "दत्तू त्याच वलनावर काठाला हुबा व्हता. त्याला दिसत व्हतं पानी नाय. त्यानं हात केला नाय."

त्यानंतर अर्धं शतक दोघे भाऊ बोलले नाहीत. लग्नं, बारसी, तेरावे झाले. दोघे एकाच मांडवात दोन टोकांना बसले. आता दत्तूआजोबा गोवळकोटला लेकीकडे होते, छाती खराब झालेली, उशाशी ऑक्सिजनची नळी. ही बातमी त्यांच्या लेकीने, मनीषाताईने, जूनमध्ये फोनवर दिली. आजोबांनी ऐकली, वरच्या खोलीत गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांना एकच प्रश्न विचारू लागले: विमान कदी? बाबा दर वेळी सांगायचे, होईल हळूहळू. "तो हलूहलू नाय जानार," आजोबा म्हणायचे. फोन लावून देते, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. "फोनवर काय बोलू? कसा हायस? मला म्हायत हाय कसा हाय." समोर बसून गप्प राहता आलं असतं. फोनवर गप्प राहिलं की माणसं हॅलो हॅलो करतात. दत्तू गेला तर अर्धी नदी जाईल, असंही ते एकदा म्हणाले, आणि मी धरून चालले की त्यांना खुणांची काळजी आहे. पंधराव्या वर्षी माणूस शब्दांना फार मान देतो.

ऑगस्टात इथल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव झूमवर ठरला. मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णीकाका डब्लिनला राहायचे. मोठ्या पदावर होते आणि बोलताना आपण त्या पदावरून बोलतो आहोत याची ऐकणाऱ्याला आठवण ठेवावी लागायची. त्यांनी फोन केला: कॅप्टनसाहेबांचा सत्कार करायचा आहे. आजोबा म्हणाले, "माजा एक झालाय. पुरे." बाबा हिरमुसले. त्यांना, मला वाटतं, वडिलांच्या गळ्यात शेळीने न खाल्लेला एक हार पाहायचा होता. दोन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. मग आजोबा माझ्या खोलीच्या दारात आले.

"बाय, त्या झूमात लोक खिडक्याखिडक्यांत दिसतात ना?"

हो, मी म्हणाले.

"त्यातल्या एका खिडकीत गोवलकोटचा मानूस मावंल काय? निसता बगायला. बोलायला नको."

मी मनीषाताईला लिंक पाठवली.

सत्काराच्या दुपारी झेंडू कुठेच मिळेना. नोराने तिच्या अंगणातली हायड्रेंजिया कापून दिली. एकेक फूल कोबीच्या गड्ड्याएवढं. तो हार घालून आजोबा जेवणाच्या टेबलाशी बसले, तेव्हा भाजीवाल्याची टोपली उलटल्यासारखं दिसत होतं. आईने सुट्टी घेतली होती. ती प्रेसमधून काचेचे चांगले पेले काढत होती, पडद्यापलीकडच्या कुणालाही त्यांतून काही देता येणार नव्हतं तरी. (कपाटाला प्रेस म्हणायचं इथे येऊन आम्ही सगळेच शिकलो होतो.) पडद्यावर वॉटरफोर्ड, ब्युमॉन्ट, मेनूथ, कुठकुठली घरं चौकोनांत बसली होती. कुलकर्णीकाकांनी आपल्यामागे एका अवाढव्य जहाजाचं चित्र लावलं होतं. त्यामुळे ते मधूनमधून धुरांड्यात अदृश्य होत. "सात समुद्र लीलया पार करणारे," त्यांनी सुरुवात केली.

"समुद्रात मी कदी गेलो नाय," आजोबा म्हणाले.

"हा त्यांचा विनय!" कुलकर्णीकाका म्हणाले, आणि भाषण पुढे चाललं. मी खालच्या रांगेतला एक चौकोन बघत होते. त्यात आधी छताचा पंखा होता, मग मनीषाताईचा अंगठा, आणि मग एक म्हातारा. नाकात नळी, अंगात इस्त्रीचा शर्ट. आजोबांनी त्याला पाहिलं होतं. मला कळलं, कारण त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला.

"आता कॅप्टनसाहेब आपल्याला त्यांची नदी म्हणून दाखवतील," कुलकर्णीकाका म्हणाले. आजोबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. मशीद पाठीला, ताड नाकाला. घरात रोज ऐकलेलं, पण त्या दिवशी आवाज वेगळा होता, कामावरचा. पांढरा दगड गेला, तिठ्यावरचा माड गेला, मधलं जुवं नाकाला आलं, आणि ते थांबले. थांबायचंच होतं. त्यांची नदी तिथे संपत होती.

सगळ्यांना वाटलं, विसरले. "पुढे, पुढे, कॅप्टनसाहेब!" कुलकर्णीकाका म्हणाले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग, झूमवर लोक करतात तसे, सगळे हात हलवू लागले. सगळ्या चौकोनांत हलणारे हात. आजोबा गोंधळले. ओठ उघडले, "जुवं डाव्या कानाला..." असे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. ते शब्द त्यांचे नव्हते, धाकट्याच्या नदीतले होते.

खालच्या चौकोनात एक हात खांद्यातून ताठ पुढे आला. तळवा खाली. तो हलत नव्हता.

मला आजही नवल वाटतं ते हे, की एवढ्या हातांत त्यांना तो दिसला. ते टेबलावर वाकले, नाक पडद्याला लागेल इतके. "दिली," ते म्हणाले. एकदाच, मोठ्याने.

चौकोनातल्या म्हाताऱ्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. "आजोबा, तुम्ही म्यूटवर आहात!" पाच-सहा घरांतून एकदम ओरडा झाला, मनीषाताईचा अंगठा पुन्हा पडद्यावर आला, आणि अचानक, अर्ध्यातून, एक घरघरता आवाज आमच्या स्वयंपाकघरात शिरला. तो पहिलं वळण ओलांडून पुढे गेला होता. पिंपळ पाठीला, किल्ला नाकाला. दर दोन खुणांनी धाप लागत होती. त्याला कुणी घाई केली नाही. कुलकर्णीकाकांनीसुद्धा नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करते. गोवळकोटचा धक्का आला आणि आवाज थांबला. मग त्याच सुरात तो म्हणाला, "त्या दिसी पन हात असाच केला व्हता, दादा."

आजोबा खुर्चीत मागे टेकले. "सगला गाव हात करीत व्हता, दत्तू."

"सगल्या गावाला नदी म्हायत व्हती काय?"

"नाय," आजोबा म्हणाले. "माजं चुकलं नाय. पन दिसला नाय, हे खरं."

"मंग आता दिसला?"

"दिसला."

यानंतर आभारप्रदर्शन झालं. ते कार्यक्रमपत्रिकेत होतं.

संध्याकाळी नोराला तिची फुलं परत दिली. तिने ती पाण्यात ठेवली आणि कसं झालं म्हणून विचारलं. ग्रँड, मी म्हणाले. आजोबा ओट्याशी उभे राहून सुकट निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बाय, तो घेतली म्हनला काय?" आवाज बंद होता तेव्हा त्यांचे ओठ हलताना मी पाहिले होते. दोन शब्द असतील किंवा एक. शिवीही असेल. मला नक्की ठाऊक नव्हतं, आणि तसंच मी सांगितलं. आयुष्यात प्रथमच त्यांना पूर्ण वाक्य मराठीत. त्यांनी विचार केला. "म्हनला असंल. म्हनल्याबिगर तो हात लावनार नाय."

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांना विमान मिळालं. दत्तूआजोबा तोवर टिकले. मनीषाताईने कळवलं की पहिला दिवस दोघे गप्प बसले आणि दुसऱ्या दिवसापासून ताड कुठल्या वर्षी पडला यावरून भांडू लागले. तिला सुटल्यासारखं वाटलं.

त्याला साठएक वर्षं झाली. आता मी आजोबांच्या त्या वेळच्या वयाला येऊन टेकले आहे आणि अजून त्याच गावात राहते. आवाज बंद असताना गेलेलं एक वळण सोडलं, तर दाभोळ ते गोवळकोट पूर्ण खाडी मला पाठ आहे. दुसरा अर्धा भाग मी मंडळाने ठेवलेल्या त्या दुपारच्या रेकॉर्डिंगवरून शिकले. ते रीतीच्या विरुद्ध आहे याची मला कल्पना आहे. धक्क्यावर फिरताना कधी कधी म्हणते. जुव्यापाशी आले की थांबते, "दिली" म्हणते, आणि दत्तूआजोबांचा आवाज यायला जेवढा वेळ लागला होता तेवढा वेळ गप्प राहते. मग पुढची नदी म्हणते. मधला शब्द मी कधी म्हटलेला नाही. तो माझा नाही.